कडक इस्त्रीच्या मुलखात मऊपणाची बाटली

महाराष्ट्रात कपडा चांगला धुतला गेला की नाही हे ठरवताना तो हाताला मऊ लागतो का, हे फारसे कोणी पाहत नसे. पाहिले जाई ते त्याचे पांढरेपण आणि त्याचा ताठा. परीटघडीचे धोतर, खळ देऊन कडक केलेली टोपी, नीळ घातलेला सदरा, घडीची रेघ न मोडलेले उपरणे ही नीटनेटकेपणाची खूण होती आणि त्या ताठ्यासाठी लोक वेगळे धान्य किंवा पैसे मोजत. घरच्या घरी खळ करायची तर भाताची पेज, साबुदाण्याचे किंवा आरारुटाचे पाणी हाताशी असे. खादी आल्यावरही ही आवड बदलली नाही. जाडीभरडी खादी खळ-इस्त्रीने कडक करून घालणे ही पुढाऱ्यांची ओळखच होऊन बसली. मऊपणाची गरज नव्हती असे मात्र नाही. ती दुसरीकडून भागत होती. वापरून वापरून झिजलेले लुगडे किंवा धोतर, म्हणजे जुनेर, टाकून दिले जात नसे. त्याची बाळोती होत, दुपटी होत, थरावर थर घालून गोधडी शिवली जाई. तान्ह्या बाळाला कोरे कापड टोचते म्हणून त्याला आजीच्या लुगड्यात गुंडाळत. ताठा विकत घ्यायचा आणि मऊपणा काळावर सोडायचा, अशी ही व्यवस्था होती. आज शहरातल्या मध्यमवर्गीय घरात वॉशिंग मशीनच्या खणात निळ्या-गुलाबी बाटलीतून, म्हणजे फॅब्रिक सॉफ्टनरच्या रूपाने, मऊपणा ओतला जातो. तो ओतायची वेळ कशी आली, याचा माग काढला तर असे दिसते की ही बाटली सुती कापडाच्या गरजेतून आलेली नाही. धुण्याच्या आधीच्या सुधारणांनी जे बिघडवले त्यावरचा तो उतारा आहे, आणि आपल्या हवेत त्या उताऱ्याचा लाभ थोडा नि तोटा जास्त आहे.

आधी परटाचे काम काय होते ते नीट पाहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयी एक तर भाबडे कौतुक केले जाते नाही तर चेष्टा. परीट हा गावगाड्यातला बलुतेदार. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिले तेव्हा बलुत्याची ती पद्धत खिळखिळी झाली होती, पण मोडलेली नव्हती. सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा, सणावाराला हक्काचे काही आणि लग्नात पायघड्या घालण्याचा मान, असा त्याचा मोबदला असे. त्याची रीत अशी होती: मळका कपडा सज्जीखाराच्या किंवा खाऱ्या मातीच्या पाण्यात भिजवायचा, भट्टीवर वाफ द्यायची, मग वाहत्या पाण्याकाठी दगडावर आपटायचा, पुन्हा पुन्हा खळबळायचा आणि उन्हात अंथरायचा. यातल्या प्रत्येक पायरीला कारण आहे. क्षारामुळे अंगाच्या तेलकट मळाचा कापडातच थोडाबहुत साबण बनतो, वाफेने तो सुटतो, आपटण्याने धाग्याच्या पिळात अडकलेली माती बाहेर पडते आणि ऊन पांढरे करते. मऊपणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या पायऱ्या दोनच: आपटणे आणि खळबळणे. आपटल्याने एकमेकांना चिकटलेले तंतू मोकळे होतात. खळबळल्याने क्षार निघून जातो, आणि नदीच्या पाण्याला मोजमाप नसल्यामुळे परटाला त्यात हात आखडता घ्यावा लागत नसे. घरातल्या बायका नदीवर किंवा विहिरीवर धोपाटण्याने जे करीत तेही हेच. रेशीम आणि लोकर मात्र या मारापासून दूर ठेवत. त्यांच्यासाठी रिठा होता. रिठ्याच्या सालीतील सॅपोनिन फेस करते, मळ सोडवते, पण क्षाराप्रमाणे रेशमाला खात नाही.

या पद्धतीत कपड्याचे हाल होत, यात शंका नाही. धोब्याने फोडलेली बटणे आणि फाडलेले सदरे हा इंग्रज अमदानीत साहेबांच्या घरचा नेहमीचा विषय होता. भट्टीच्या कपड्याला लख्खपणा असे तसे आयुष्य कमी असे. परटाचे काम कष्टाचे, जातीने गळ्यात बांधलेले आणि मानाच्या मानाने कमी मोलाचे होते. याच जातीत १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेले डेबूजी पुढे गाडगेबाबा झाले आणि अंगावर चिंध्यांची गोधडी पांघरून लोकांना स्वच्छता शिकवत हिंडले. परीटघडीच्या समाजाला परटाच्या मुलानेच दिलेले हे उत्तर होते, असे म्हटले तर फार चुकणार नाही. पण तो वेगळा विषय.

मुंबईत हा धंदा गावाच्या चौकटीतून सुटला आणि रोखीवर आला. धोबी तलावाचा तलाव बुजला, नाव राहिले. १८९०च्या सुमारास महालक्ष्मी स्टेशनलगत सिमेंटच्या हौदांचा आणि आपटायच्या दगडांचा मोठा घाट उभा राहिला. तो अजून चालू आहे, जरी आता तिथे दगडाबरोबर पिळणी यंत्रे आणि धुण्याची यंत्रेही फिरतात आणि इस्पितळांच्या चादरींबरोबर दुकानात जाण्याआधीचे नवे तयार कपडेही धुतले जातात. मुंबईच्या धुण्याविषयी बोलताना तिच्या पाण्याची आठवण फारशी निघत नाही, पण इथे ती काढणे भाग आहे. १८६० साली विहार, १८९२ साली तानसा आणि पुढे वैतरणा-भातसा, असे तलावांत साठलेले पावसाचे पाणी या शहराला मिळाले. ते हलके पाणी आहे, साबणाला लगेच फेस देणारे. घाट चढून देशावर आले, विशेषतः बोअरच्या पाण्यावर जगणाऱ्या वस्त्यांत, की डाळ शिजत नाही आणि साबण फेसाळत नाही, ही तक्रार सुरू होते. काळ्या कातळातून झिरपलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. कपडा राठ होण्यात या क्षारांचा वाटा मोठा आहे आणि त्यावर बाटलीचा काडीइतका उपाय चालत नाही, हे पुढे येईलच.

कापडाला मुद्दाम मऊ करण्याचा धंदा मुळात धुण्याच्या घाटावर सुरू झाला नाही. तो रंगाऱ्यांकडे सुरू झाला. कापसाच्या तंतूवर निसर्गतःच मेणाचा अगदी पातळ थर असतो. रंग आत शिरावा म्हणून सूत क्षारात उकळले की तो थर निघून जातो आणि सूत कोरडे, करकरीत होते. ‘टर्की रेड’ नावाने ओळखला जाणारा पक्का लाल रंग देताना युरोपातले रंगारी सूत वारंवार खवट ऑलिव्ह तेलाच्या दुधाळ पाण्यात बुडवत. रंग धरायला ते तेल लागे आणि जाता जाता सूतही मऊ होई. १८७०नंतरच्या दशकात एरंडेलावर गंधकाम्लाची क्रिया करून पाण्यात मिसळणारे तेल तयार होऊ लागले, त्याचेच नाव ‘टर्की रेड ऑइल’. स्कॉटलंडमधल्या लेव्हन नदीच्या खोऱ्यातल्या कारखान्यांत रंगलेले हे लाल कापड, मोर आणि फुलांच्या नक्षीचे, मोठ्या प्रमाणावर मुंबई बंदरात उतरे. साबण, तेल आणि पाणी यांचे असेच मिश्रण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांच्या फिनिशिंग खात्यात कापडाला ‘हात’ देण्यासाठी वापरात होते. म्हणजे मऊपणा ही विक्रीपूर्वीची शेवटची रंगसफेदी होती. गिऱ्हाइकाने दुकानात कापडावर हात फिरवावा आणि घ्यावे, एवढ्यापुरती. त्याच काळात याच्या उलट लबाडीही चालू होती. अमेरिकन यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचा तुटवडा पडला तेव्हापासून लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानला पाठवायच्या कापडात चिनी माती आणि खळ ठासून भरत. कापड वजनदार, दणकट वाटे आणि पहिल्या धुण्यात अर्धे पाण्यावाटे जाई. हातात घेतल्यावर कापड कसे लागते आणि ते मुळात कसे आहे यांत अंतर पाडण्याची कला त्यामुळे जुनीच आहे. बाटलीने ती घरात आणली.

मग धुण्याचे साहित्य बदलत गेले. १८८८ साली कलकत्ता बंदरात ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरल्या. १९१८ साली गोदरेजांनी प्राण्यांच्या चरबीविना, वनस्पती तेलापासून केलेला साबण बाजारात आणला आणि स्वदेशीच्या काळात त्याला मान मिळाला. साबणाची वडी ही धुण्यातली मोठी सोय होती, पण तिला एक खोड होती: जड पाण्यातल्या कॅल्शियमशी तिची गाठ पडली की दह्यासारखा साका धरतो आणि कपड्यावर बसतो. कपडा हळूहळू करडा पडतो. हलक्या पाण्यात मात्र साबणाचा जो सूक्ष्म स्निग्ध अंश मागे राहतो तो धाग्याला थोडा मऊ ठेवतो. अमेरिकेत १९४६ साली ‘टाइड’ हे डिटर्जंट आले आणि फॉस्फेटच्या जोरावर जड पाण्याची अडचण संपली. आपल्याकडे १९५९ साली ‘सर्फ’ आणि १९६९ साली अहमदाबादेतून करसनभाई पटेलांची ‘निरमा’ आली. निरमाने धुण्याची पावडर खऱ्या अर्थाने घरोघर नेली, कारण ती सर्फपेक्षा कितीतरी स्वस्त होती. त्या स्वस्ताईचे एक कारण तिच्यातला भरपूर सोडा. सोड्याने मळ जातो, तशी हाताची साल आणि कपड्याचा गुळगुळीतपणाही जातो. डिटर्जंट कपड्यावर साबणासारखा स्निग्ध अंश ठेवत नाही. ते अधिक स्वच्छ करते आणि म्हणूनच कपडा अधिक रुक्ष होतो. त्यात मशीन आले. मशीनला पाणी मोजून लागते, आपण मात्र हाताच्या धुण्याच्या सवयीने पावडर अंदाजाने टाकतो. जास्त पावडर आणि कमी खळबळ यांचा परिणाम म्हणजे वाळल्यावर पापडासारखा ताठ टॉवेल.

या ताठपणावर अमेरिकेत आधीच तोड निघालेली होती. गिरण्यांसाठी तयार झालेली एक जातीची रसायने, चतुर्थक अमोनियम संयुगे, घरगुती बाटलीत भरली गेली. १९६०च्या सुमारास ‘डाउनी’, १९६९ साली ब्रिटनमध्ये ‘कम्फर्ट’, आणि १९७५ साली ड्रायरमध्ये टाकायची ‘बाउन्स’ची कापडी पत्रके. त्यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. पाण्यात सुती धाग्यावर ऋण विद्युतभार असतो. या रेणूचे डोके धनभारित असते, ते धाग्याला घट्ट चिकटते आणि त्याच्या चरबीसारख्या दोन लांब शेपट्या बाहेरच्या बाजूला राहतात. धाग्यावर धागा घासतो तेव्हा मधे ही चरबीची साय असते, म्हणून हाताला मऊ लागते. बाटली कापड धूत नाही, पाणी हलके करत नाही, क्षार काढत नाही. ती कापडाला माखते. पहिली काही दशके या शेपट्या गुरांच्या चरबीपासून बनत आणि आजही चरबी किंवा पाम तेल हाच त्यांचा कच्चा माल आहे. चरबीविना साबण हा ज्या देशात विक्रीचा मुद्दा होता, तिथे या बाटलीला तो प्रश्न फारसा कोणी विचारला नाही, याचे नवल वाटते.

आता मुख्य हिशेब. उष्ण आणि दमट हवेत सुती कापडाचा सर्वांत मोठा गुण कोणता? घाम आणि पाणी शोषून घेणे, आणि पुन्हा ते हवेत सोडून देणे. कोकणात आंघोळीला पातळ पंचा वापरतात तो याचसाठी. तो भराभर पाणी टिपतो आणि दांडीवर टाकला की पाहता पाहता वाळतो. नेमक्या याच गुणावर चरबीची साय बसते. पाणी आणि चरबी यांचे वैर असल्यामुळे प्रत्येक धुण्याबरोबर टॉवेल कमी शोषू लागतो. सोलापूरच्या चादरीप्रमाणेच तिथल्या टेरी टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. त्या टॉवेलवरची कडी म्हणजे त्याची लव, पाण्याला अधिक पृष्ठभाग मिळावा म्हणून उभी केलेली. ती लव मऊ-गुळगुळीत करण्यासाठी माखायची आणि मग टॉवेल अंगावर नुसता सरकतो म्हणून नवा घ्यायचा, हा उद्योग सोलापूरच्या विणकराला परवडला तरी गिऱ्हाइकाला परवडणारा नाही. नवा टॉवेल पहिल्या दिवशी पाणी टिपत नाही, त्याचे कारणही तेच: कारखान्याने विक्रीपूर्वी त्याला मऊपणाचा लेप दिलेला असतो. एक-दोनदा धुतला की तो कामाला लागतो, आणि आपण पुन्हा बाटली ओततो. खेळाचे, व्यायामाचे घाम टिपणारे कपडे आणि मायक्रोफायबरची फडकी यांचे नुकसान तर आणखी लवकर होते. लव असलेल्या कापडाला अशा लेपाने आग अधिक चटकन लागते आणि मुलांच्या आगरोधक कपड्यांचा तो गुण मारला जातो. म्हणूनच अशा कपड्यांच्या चिठ्ठीवर सॉफ्टनर वापरू नये असे छापलेले असते.

बरे, ताठपणा येतो कशाने, याचेही उत्तर आता बरेच स्पष्ट झाले आहे, आणि ते गमतीने एका सॉफ्टनर बनवणाऱ्या जपानी कंपनीनेच दिले. काओ कंपनी आणि होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२०मध्ये दाखवले की, हवेवर वाळलेल्या सुती कापडात तंतूंच्या पृष्ठभागावर थोडे पाणी बांधलेल्या अवस्थेत उरते. ते नेहमीच्या पाण्यासारखे वागत नाही. ते एका तंतूला दुसऱ्या तंतूशी डिंकासारखे जोडते. टॉवेल ताठ होतो तो या जोडांच्या जाळ्यामुळे. सॉफ्टनरची साय हे जोड होऊ देत नाही, हे खरे. पण हेच जोड हाताने चुरगाळल्यावर, झटकल्यावर, इस्त्री फिरवल्यावरही तुटतात. कपडा पिळून, झटकून, ताणून दांडीवर टाकण्याची आपल्या घरातली रीत त्याच कामाची होती. त्या बायकांना तंतूंच्या पृष्ठभागावरचे पाणी ठाऊक नव्हते. त्यांना कपडा ठाऊक होता.

वास हा या बाटलीचा दुसरा आणि बहुधा खरा माल आहे. जाहिराती पाहिल्या तर मऊपणापेक्षा ‘दिवसभर दरवळ’ याचीच विक्री जास्त दिसते. धुतलेल्या कपड्याला वास नसावा, हीच स्वच्छतेची जुनी समजूत. उन्हाचा आणि फार तर निळीचा वास. आता वास राहिला नाही तर कपडा धुतला गेला नाही असे वाटू लागले आहे. अंगाला चोवीस तास चिकटून राहणाऱ्या कापडात मुद्दाम टिकवलेला सुगंध काही कातड्यांना सोसत नाही. युरोपीय संघाने २००४च्या नियमावलीत २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली आणि धुण्याच्या मालात ती ०.०१ टक्क्यांहून अधिक असली तर नावानिशी छापण्याची सक्ती केली. अमेरिकेत २०११ साली ड्रायरच्या नळीतून बाहेर पडणारी हवा तपासली गेली तेव्हा सुगंधी पावडर आणि पत्रके वापरल्यावर तीत पंचवीसहून अधिक बाष्पशील संयुगे सापडली. त्यांत बेंझीन आणि अॅसिटाल्डिहाइडही होते. तपासणी लहान होती, तिच्यावरून घबराट माजवण्याचे कारण नाही, पण वास म्हणजे निरुपद्रवी हवा ही समजूत सोडायला ती पुरेशी आहे. वास टिकावा म्हणून तो प्लॅस्टिकच्या सूक्ष्म कुप्यांत भरला जातो. कपडा घासला की कुपी फुटते आणि टरफल पाण्यात जाते. युरोपने २०२३मध्ये अशा सूक्ष्म प्लॅस्टिकवर निर्बंध घातले आणि सुगंधाच्या कुप्यांना २०२९पर्यंत मुदत दिली. याआधी १९९०च्या दशकात तिथल्या उत्पादकांनी चरबीपासून केलेले मूळ चतुर्थक संयुग सोडून दिले, कारण ते पाण्यात लवकर कुजत नव्हते आणि जलचरांना अपायकारक होते. त्या जागी लवकर मोडणारे एस्टरक्वाट आले. सुधारणा झाली, हे मान्य केले पाहिजे. पण तीस वर्षे हा माल सुरक्षित म्हणून विकला गेल्यानंतर ती झाली, हेही तितकेच खरे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की जुने ते सौम्य आणि नवे ते घातक, अशी ही मांडणी आहे. तशी ती नाही. जुन्या धुण्याने कातडीला झालेल्या इजेचे एक उदाहरण तर वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. धोबी कपड्यावर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरत. ती खूण धुण्याने जात नाही, पण बिब्बा उतला की काय होते हे महाराष्ट्रात सांगायला नको. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चट्टे उठू लागले. खूण कपड्याला होती, चट्टा अंगाला. १९४३ साली लष्करी डॉक्टरांनी त्याचे कारण बिब्बा असल्याचे लिहून ठेवले. रिठाही सरसकट निष्पाप नाही. त्याचे सॅपोनिन माशांना विषारी आहे, आणि तेलकट, घामट सुती कपड्यावर त्याचे काही चालत नाही. त्यामुळे ‘नैसर्गिक’ या शिक्क्याने विकल्या जाणाऱ्या रिठ्याच्या महागड्या बाटल्यांकडेही तितक्याच संशयाने पाहायला हवे. इथला प्रश्न जुन्या-नव्याचा नाही. कपड्यात काहीतरी उरल्याने तो राठ झाला असेल, तर ते काढायचे की त्यावर आणखी काही चढवायचे, एवढाच तो आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपटणे, खळबळणे, झटकणे ही कामे कोणाच्या माथी होती? परटाच्या आणि घरातल्या बाईच्या. मशीन आणि बाटली यांनी ती सोडवली असतील तर त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, विशेषतः ज्याने कधी पिळे वाहिले नाहीत त्याला. हे मान्यच आहे आणि म्हणून मशीनविरुद्ध इथे एक अक्षरही नाही. पण मशीनने वाचवलेले कष्ट मशीनचे आहेत, बाटलीचे नाहीत. बाटलीने वाचतो तो इस्त्रीचा थोडा वेळ. लेप दिलेल्या कापडाला सुरकुत्या कमी पडतात आणि इस्त्री सहज सरकते, हा तिचा खराखुरा फायदा आहे. दुसरा फायदा पॉलिएस्टर-नायलॉनच्या कपड्यांत थंडीत साठणारी वीज कमी करण्याचा. न्यू जर्सीच्या किंवा टोरांटोच्या हिवाळ्यात, बंद घरात, ड्रायरमधून काढलेली साडी अंगाला चिकटते आणि चटके देते, तिथे त्या पत्रकाला अर्थ आहे. ड्रायर नसलेल्या, दांडीवर कपडे वाळवणाऱ्या, वर्षातले बरेच महिने दमट हवेत राहणाऱ्या ठाण्या-रत्नागिरीच्या घराला मात्र ही व्याधीच नाही. तीच गोष्ट पाणी वाचवण्याच्या दाव्याची. काही देशांत एका खळबळीत फेस मोडणारे सॉफ्टनर विकले जातात आणि पाणीटंचाईच्या मराठवाड्यात असा दावा मोहक वाटू शकतो. पण फेस मोडला म्हणजे पावडर निघाली असे होत नाही; ती दिसेनाशी होते. पाणी खरोखर वाचवायचे तर पावडर कमी टाकणे हा त्याहून सरळ मार्ग आहे.

सौम्य पर्यायांची सुरुवातही तिथूनच होते. घरातल्या बहुतेक धुण्याला पाकिटावर लिहिलेल्या मापापेक्षा कमी पावडर पुरते, आणि कमी पावडर म्हणजे कमी राठपणा. पाणी हलके असेल तर एवढ्यानेच काम भागते. बोअरचे जड पाणी असेल तर दोष क्षारांचा आहे, तेव्हा उपायही क्षारांवर हवा. शेवटच्या खळबळीच्या पाण्यात पांढरे व्हिनेगर अर्धी वाटी किंवा लिंबूसत्त्व चमचाभर घातले की उरलेला सोडा मरतो आणि चुन्याचा अंश सुटतो. वाळल्यावर व्हिनेगरचा वास राहत नाही. ते कापडाला माखत नाही, त्यामुळे सॉफ्टनरसारखा रेशमी गुळगुळीतपणा त्याने येणार नाही, कपडा फक्त कपड्यासारखा लागेल. ब्लीचिंग पावडर किंवा तत्सम क्लोरीनचे द्रव आणि आम्ल मात्र एकत्र कधीही येऊ द्यायचे नाही; त्यातून विषारी वायू निघतो. मशीनच्या रबराची काळजी वाटत असेल तर हा प्रयोग दर धुण्याला न करता महिन्यातून एक-दोनदा टॉवेलांपुरता करावा. बाटलीच्या सवयीने शोषण गमावलेले टॉवेल गरम पाण्यात, पावडरीऐवजी नुसत्या धुण्याच्या सोड्याने एकदा काढले आणि भरपूर खळबळले की पुष्कळसे पूर्वपदावर येतात. वाळत घालण्यापूर्वी दोन सणसणीत झटके, अर्धे वाळल्यावर एकदा उलटणे, आणि टॉवेल कडक उन्हात दिवसभर न ठेवणे, यांना ना खर्च आहे ना फार कष्ट, आणि हे काम घरातल्या पुरुषालाही जमते. इस्त्रीला जाणारे सुती कपडे तर मऊ करण्याचे कारणच नाही. ज्या सदऱ्याला आपण पैसे देऊन खळ-इस्त्री करून घेतो त्यालाच आदल्या दिवशी मऊपणाचा लेप देणे म्हणजे एकाच कपड्यावर दोनदा, उलट दिशांनी खर्च करणे आहे.

हाती असलेली बाटली संपवायचीच असेल तर ती थंडीच्या दिवसांत नायलॉन-पॉलिएस्टरच्या साड्यांना, सांगितलेल्या मापाच्या निम्म्याने वापरावी. पंचा, टॉवेल, बाळोती आणि मुलांचे कपडे तिच्यापासून दूर ठेवावेत.